नंबर १४ आणि नंबर १५: द्विरूपता हा शब्द एका मुलीला कसा आला

मी सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवते. हे प्रकरण आमच्या आठवीतल्या एका मुलीचं आहे, तिचं नाव देत नाही, गरजही नाही. झालं असं की द्विरूपता हा शब्द तिला पाठ होता, व्याख्या पाठ होती, टेस्टला पूर्ण मार्क होते आणि तरी तो शब्द तिला येत नव्हता. हे माझ्या लक्षात यायला महिना गेला आणि शब्द खरोखर तिच्या हाताला लागेपर्यंत जून संपत आला. मधे काय काय घडलं ते सगळं लिहून काढतेय, कारण विज्ञान शिकवणाऱ्या किंवा घरी पोरांचा अभ्यास घेणाऱ्या कुणालाही हे असंच्या असं समोर येऊ शकतं.

आधी शब्दाचं सांगते. डायमॉर्फिझम म्हणजे मराठीत द्विरूपता, एकाच जातीच्या जीवांमध्ये दोन ठळक वेगळी रूपं असणं. ती रूपं नर आणि मादीची असतील तर लैंगिक द्विरूपता. इथे जात म्हणजे स्पीशीज, आपसात जोड्या जमवून पिल्लं काढणाऱ्या जीवांचा गट. आपल्याकडे पुस्तकात जीनसला, म्हणजे त्याच्या वरच्या गटाला, प्रजाती आणि स्पीशीजला जाती म्हणतात, पण पेपरात आणि व्हॉट्सअॅपवर स्पीशीजलाच सर्रास प्रजाती म्हणतात, त्यामुळे मुलं पहिल्याच पायरीवर अडखळतात. मी वर्गात सरळ स्पीशीज म्हणते आणि बोर्डवर जाती लिहिते, दोन्ही शब्द कानावरून आणि डोळ्यांखालून जाऊ देत.

फेब्रुवारीत मी हा भाग शिकवला. कसा शिकवला तेही सांगितलं पाहिजे कारण चूक तिथेच झाली. बोर्डवर शब्द लिहिला, त्याची फोड केली, द्वि म्हणजे दोन, रूप म्हणजे रूप, खाली व्याख्या, त्याखाली उदाहरणं मोर-लांडोर, कोंबडा-कोंबडी, सिंह-सिंहीण. मुलांनी उतरवून घेतलं. एकाने विचारलं, "बाई, बहुरूप्यासारखं का?" आमच्याकडे सुगी झाली की अजून एखादा बहुरूपी गावात येतो, कधी पोलीस होऊन तर कधी देव होऊन, त्यामुळे मुलाच्या डोक्यात तो येणं साहजिक होतं. मी हो-हो तसंच काहीसं म्हणून पुढे गेले. ते उत्तर चुकीचं होतं. बहुरूपी म्हणजे एकच माणूस जो रूपं बदलतो. द्विरूपतेत सहसा कुणी रूप बदलत नाही, मोराची लांडोर होत नाही, एका जातीत दोन प्रकारचे जीव असतात आणि ते आपापल्या रूपातच जगतात. मी त्या दिवशी थांबून एवढं सांगितलं असतं तर पुढचे बरेच फेरे वाचले असते. वर्गातल्या निम्म्या मुलांना कितीतरी दिवस असंच वाटत होतं की हा प्राणी कधी असा दिसतो आणि कधी तसा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात युनिट टेस्ट झाली. ह्या मुलीने व्याख्या शब्दाला शब्द लिहिली होती आणि उदाहरण मोर-लांडोर. पूर्ण मार्क दिले.

मार्चच्या शेवटी मी पक्षीवह्या तपासायला घेतल्या. दिवाळीपासून मुलांना एक एक वही ठेवायला सांगितली होती, जो पक्षी दिसेल त्याला नंबर द्यायचा आणि रंग, चोच, डोळा, आवाज, कुठे बसला होता असं सगळं लिहायचं, नाव माहीत असेल तर लिहायचं, नसेल तर नाही. ह्या मुलीची वही वर्गात सगळ्यात चांगली, तोपर्यंत २३ नंबर झाले होते. त्यातले दोन जसे होते तसे देते.

नंबर १४: कोकीळ. पूर्ण काळा, उन्हात निळसर चमकतो. डोळा लाल. चोच फिकट हिरवट. कु-ऊ, कु-ऊ ओरडतो, आवाज वर वर चढत जातो. घरामागच्या उंबरावर.

नंबर १५: नाव माहीत नाही. तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, शेपटीवर पट्टे. डोळा लाल. चोच फिकट हिरवट. किक-किक-किक ओरडतो. घरामागच्या उंबरावर. आज्जी म्हणते घारीचं पिल्लू, पण चोच घारीसारखी नाही.

मी ते दोन उतारे बघतच राहिले. पंधरावा पक्षी म्हणजे कोकीळेची मादी, पक्षी बघणाऱ्या कुणालाही लगेच कळेल. लाल डोळा दोन्हीकडे, हिरवट चोच दोन्हीकडे, झाडही तेच. सगळा पुरावा तिने स्वतःच्या हाताने ओळीने लिहून ठेवला होता आणि एका पानावर वरखाली दोन नंबर देऊन मोकळी झाली होती. तीन आठवड्यांपूर्वी हीच मुलगी पेपरात एकाच जातीतील नर आणि मादी यांच्यातील स्पष्ट शारीरिक फरक असं लिहून आली होती.

इथे मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. लाल पेनने १५ वर काट मारायची आणि शेजारी "कोकीळेची मादी" लिहून द्यायचं, काम एका मिनिटाचं. तिने मान हलवली असती आणि एक माहिती वाढली असती. पण तेच मी फेब्रुवारीत केलं होतं, तयार उत्तर हातात दिलं होतं. म्हणून मी काहीच लिहिलं नाही, फक्त दोन्ही नंबरांच्या डोळ्याच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि वही परत दिली.

मोर-लांडोर हे उदाहरण इथे का उपयोगी पडलं नाही ह्याचा मी त्या रात्री बराच विचार केला आणि माझं मत असं झालंय की ते उदाहरण फार सोपं असतं आणि सोपं असण्याचं कारण आपल्या भाषेतच आहे. मोर आणि लांडोर, कोंबडा आणि कोंबडी, बैल आणि गाय, बोकड आणि शेळी, चिमणा आणि चिमणी. जे प्राणी आपल्या दारात-शेतात आहेत त्यांच्या दोन रूपांना मराठीत आधीपासून दोन नावं आहेत आणि ती नावं जोडीनेच कानावर येतात, म्हणजे लांडोर ही मोराचीच मादी हे मूल कुठल्याही बाईंनी सांगायच्या आधी शिकलेलं असतं. त्याला द्विरूपता हा शब्द लावला की मुलाला काही शोधावं लागत नाही, माहीत असलेल्या गोष्टीला एक जड नाव मिळतं एवढंच. कोकीळेचं तसं नाही. कोकीळ म्हटलं की काळा पक्षी डोळ्यासमोर येतो, ठिपक्यांच्या पक्ष्याला रोजच्या बोलण्यात नावच नाही. कोकिळा हा शब्द आहे, पण तो आपण गाणाऱ्या पक्ष्याला लावून टाकलाय. गोड गळ्याच्या बाईला कोकिळा म्हणतो, लतादीदींना तर सगळा महाराष्ट्र गानकोकिळा म्हणत आला आणि त्यातला मान मोठाच आहे, पण झाडावर बसून कु-ऊ करतो तो नर असतो. मादीचा आवाज वेगळा, तीक्ष्ण किक-किक असा, तो ऐकून कुणालाही कोकीळ आठवत नाही. म्हणजे नाव मादीचं, आवाज नराचा आणि खरी मादी बिननावाची. मुलीने तिला नाव माहीत नाही असं लिहिलं ते अगदी बरोबर होतं.

एप्रिलपासून सकाळची शाळा असते, त्यामुळे रविवारच धरला. तीन रविवार सकाळी साडेसहाला मी तिच्या घरी गेले, शाळेची एकुलती एक दुर्बीण घेऊन. गच्चीवरून मागचा उंबर समोरच दिसतो आणि उंबराच्या पलीकडे एक मोठा कडुनिंब, त्यात गावकावळ्याचं घरटं, काटक्यांबरोबर तारेचे तुकडेही अडकवलेले. आज्जी चहा आणून द्यायच्या आणि थोडा वेळ आमच्याबरोबर बसायच्या. मी मुलीला एवढंच सांगितलं होतं की १४ आणि १५ ह्यांच्यात काय काय सारखं आहे ते आधी लिही, वेगळं काय ते नंतर.

पहिल्या रविवारी ठिपक्यांचा पक्षी दुर्बिणीत पूर्ण आला. उंबराच्या खोडाला लगडलेल्या फळांपैकी एक पिकलं फळ चोचीत धरलं, मान मागे टाकली आणि अख्खंच गिळलं. तेवढ्यात त्याने आमच्याकडे तोंड फिरवलं आणि डोळा उन्हात आला, अगदी डाळिंबाचा दाणा. ती दुर्बीण सोडेचना. मग म्हणाली, "बाई, असा डोळा माझ्या वहीत अजून एकालाच आहे." मी गप्प. तिने वही उघडली आणि २३ पक्ष्यांचे डोळे एक एक करून तपासले, खरंच, तसला लालभडक डोळा आणि तसली हिरवट चोच एकत्र फक्त १४ आणि १५ ला होती. आकारही तोच, लांबीला कावळ्याएवढा पण अंगाने सडपातळ आणि शेपूट लांब. आता तिच्या मनात बसलेली भिंत हलायला लागली होती हे दिसत होतं, पण ती पटकन हो म्हणाली नाही आणि मला ते फार आवडलं. म्हणाली, "डोळा सारखा असला म्हणून एकच कसे? रंग तर एवढा वेगळा."

दुसरा रविवार असाच गेला, काळा पक्षी दिसलाच नाही, नुसता लांबून आवाज.

तिसऱ्या रविवारी जे घडलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. काळा कोकीळ कडुनिंबाच्या शेंड्याला येऊन बसला, घरट्यापासून फार लांब नाही, आणि जोरजोरात ओरडायला लागला, लपून नाही, अगदी उघड्यावर. घरट्यावरचा कावळा उठला, दुसरा कुठून तरी आला आणि दोघं त्याच्या मागे लागले. तो नदीच्या बाजूला उडाला, कावळे मागोमाग. आणि त्याच वेळी खालच्या दाट पानांतून ठिपक्यांचा पक्षी आला, आवाज नाही काही नाही, घरट्यावर उतरला, थोडा वेळ वाकून बसला आणि आला तसा निघून गेला. कावळे परत आले तेव्हा झाड शांत होतं. आज्जींच्या हातातला चहा निवला होता. मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "ती त्याचीच आहे."

तो नाही, ती. पहिल्यांदा तिने १५ नंबरला ती म्हटलं. मी विचारलं, "म्हणजे काय गं?" तर म्हणाली, "बाई, दोघांचं काम एकच चाललं होतं. कावळ्याच्या घरट्यात अंडं घालायचं. वेगळे पक्षी असते तर हा कशाला तिच्यासाठी मार खाईल?" आणि मग जरा थांबून, "द्विरूपता. मोर-लांडोरसारखं. पण मला आधी का नाही दिसलं?"

तेव्हा मी तिला लिनियसची गोष्ट सांगितली आणि ती मुद्दाम तेव्हासाठी राखून ठेवली होती. जीवांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं द्यायची पद्धत ज्याने रूढ केली त्या स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली मॅलार्ड ह्या बदकाची नोंद दोन वेगळ्या जाती म्हणून केली होती. नराचं डोकं हिरवं चमकदार, मादी तपकिरी चट्ट्यापट्ट्यांची. त्याने नराला आनास बोस्कास आणि मादीला आनास प्लॅटिरिंकोस अशी दोन नावं दिली, आणि पुढे ते एकच आहेत हे कळल्यावर मादीच्या नोंदीवरचं नाव टिकलं. इक्लेक्टस नावाच्या पोपटाचं तर आणखी वाईट झालं, नर हिरवागार आणि मादी लालभडक, त्यांना एकोणिसाव्या शतकापर्यंत दोन वेगळे पोपट समजत होते. हे सगळे आयुष्यभर जीवांचा अभ्यास करणारे लोक होते. पेटीतून आलेली कातडी किंवा चित्रं समोर ठेवून बघितलं तर दोनच दिसणार, कारण जोडी, घरटं, अंडं ह्यातलं काही कातडीवर लिहिलेलं नसतं. तिने विचारलं, मग आपल्या कोकीळेचं नाव काय दिलं? युडिनॅमिस स्कोलोपेशियस. तेही लिनियसच्या १७५८ च्याच यादीतलं, आणि स्कोलोपेशियस म्हणजे स्कोलोपॅक्ससारखा, म्हणजे तो ठिपक्यापट्ट्यांच्या तपकिरी पाणलाव्यासारखा पक्षी असतो त्याच्यासारखा. काळ्या नराला हे वर्णन अजिबात लागू होत नाही. म्हणजे ज्या मादीला आपल्या बोलण्यात नाव नाही तिच्याच अंगावरून अख्ख्या जातीचं शास्त्रीय नाव पडलंय. हे ऐकून तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू, तिने ते नाव लगेच १५ नंबरसमोर देवनागरीत लिहिलं, १४ समोर नाही.

मग १४ आणि १५ ला एक मोठा कंस काढला आणि यादी २३ वरून २२ वर आली.

प्रकरण इथे संपलं असं मला वाटलं होतं पण खरा अवघड भाग पुढे होता. नवा शब्द हातात आला की तो सगळीकडे लावून बघावासा वाटतो. मे महिन्याच्या सुट्टीत ती एकदा वही घेऊन घरी आली. कावळ्याच्या नोंदीसमोर लिहिलं होतं: द्विरूपता. राखाडी मान ती मादी, पूर्ण काळा तो नर. खात्रीने म्हणाली, आणि आज्जींचाही दाखला होता, "अगं भुऱ्या मानंची ती कावळी हाय, काळा कुळकुळीत तो कावळा." आमच्या भागात बरेच जण असंच सांगतात. प्रत्यक्षात राखाडी मानेचा तो गावकावळा आणि पूर्ण काळा, जाड चोचीचा तो डोमकावळा, ह्या दोन वेगळ्या जाती आहेत आणि दोन्हींत नर-मादी दिसायला सारखेच.

म्हणजे पहिल्या वेळी एकाच जातीचे तिने दोन केले होते आणि आता दोन जातींचा एक केला होता. ह्या दुसऱ्या चुकीमुळे मला शब्दाची खरी परीक्षा कुठे आहे ते कळलं. दोन रूपं दिसणं हा शब्दाचा अर्धाच भाग आहे. एकाच जातीत हा उरलेला अर्धा, आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, सिद्ध करावा लागतो. मी तिला उत्तर न सांगता एवढंच विचारलं की कोकीळेच्या वेळी तुला खात्री कशाने पटली होती? ती म्हणाली घरट्यापाशी. मग जा की घरट्यापाशी. तिने आठवडाभर कडुनिंबावरच्या त्याच घरट्यावर लक्ष ठेवलं, कोण बसतं, कोण चारा आणतं, बदली कोण करतं. दोघांच्याही माना राखाडी. डोमकावळ्याची जोडी तिला नदीकडच्या मोठ्या आंब्यावर मिळाली, दोघंही काळे. वहीत तिने लिहिलं: कावळ्यात द्विरूपता नाही, दोन जाती आहेत, आज्जीला सांगितलं. आज्जींना पटलं की नाही ते वहीत नव्हतं. यादी पुन्हा २३.

त्या वयाच्या मुलांशी बोलताना आणखी एक गोष्ट मी आता मुद्दाम घेते, ती म्हणजे मधलं काही असतं का. आपल्या वर्गात कुणी उंच आहे, कुणी बुटकं, पण सगळ्यांना ओळीत उभं केलं तर सलग चढ दिसतो, कुठे मोकळी जागा पडत नाही, म्हणून उंच आणि बुटकं ही दोन रूपं धरता येत नाहीत. मोठ्या झालेल्या कोकीळेत काळी आणि ठिपक्यांची ह्यांच्या मधली रांग नाही. रूपं दोन आणि मधे रिकामं, तेव्हा हा शब्द अगदी चपखल बसतो. आणि रूपं दोनहून जास्त असतील तर बहुरूपता, आणि त्याचं उदाहरण बहुतेकांच्या परसात असतं. कढीपत्त्यावर आणि लिंबावर ज्याच्या अळ्या वाढतात ते काळं फुलपाखरू, कॉमन मॉरमॉन, त्याचा नर एकाच रूपाचा पण मादी तीन रूपांची, एक नरासारखीच दिसते आणि बाकीच्या दोन वेगवेगळ्या विषारी गुलाबी-ठिपक्यांच्या फुलपाखरांची नक्कल करतात. तिन्ही एकाच जातीच्या माद्या. हे मी तिला नंतर दाखवलं, आधी दाखवलं असतं तर सगळाच गुंता झाला असता.

शेतकऱ्याच्या घरात हे ज्ञान असतंच असा अनुभवही ह्याच प्रकरणात आला. तिचे वडील एकदा आमचं बोलणं ऐकत होते आणि म्हणाले, "बाई, म्हणजे पपईसारखंच की, नराला लांब देठावर फुलांचे झुपके लोंबतात, मादीचं फूल खोडाला चिकटून एकेकटं येतं, फुलं येईपर्यंत काही कळत नाही आणि कळलं की आम्ही नर उपटतो, परागासाठी थोडे ठेवतो." मी म्हटलं अगदी तेच. पपईत दोन्ही लिंगांची फुलं असलेली झाडंही असतात, त्यामुळे तिथे हिशोब दोनावर थांबत नाही, हे त्यांनीच पुढे सांगितलं. हा माणूस शाळेत फार शिकलेला नाही, पण फुलाच्या देठावरून नर-मादी ओळखणं त्याच्या रोजच्या कामातलं आहे.

का, हा प्रश्न तिने साहजिकच विचारला. निसर्गाने एकाच जातीत असे दोन रंग का ठेवले? डार्विनने १८७१ साली ह्याचं सविस्तर उत्तर मांडलं होतं, लैंगिक निवड, म्हणजे मादी मिळवण्यासाठी नरांमध्ये चुरस असते आणि मादीही निवड करते, त्यातून नराचा भडक रंग, लांब शेपूट, मोठा आवाज पिढ्यानुपिढ्या वाढत जातो. मुलीचं स्वतःचं उत्तर आणखी जवळचं होतं: ती काळी आणि चमकदार असती तर कावळ्यांना लगेच दिसली असती. अभ्यासकही मादीच्या ठिपक्यांकडे लपण्याच्या सोयीच्या अंगाने बघतात. पण मी तिथे तिला थोडं थांबवलं कारण पावशाचं उदाहरण समोर आहे. पेर्ते व्हा ओरडणारा पावशा कोकीळेच्याच कुळातला, तोही दुसऱ्याच्या म्हणजे सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, पण त्याचे नर-मादी दिसायला सारखेच, दोघंही शिक्रा ह्या शिकारी पक्ष्यासारखे दिसतात. म्हणजे अंडं चोरून घालायचं असलं की द्विरूपता येतेच असा नियम करता येत नाही. सुगरणीचं वेगळंच आहे, तिथे घरटं विणणारा नर असतो, पावसाळ्यात त्याचं डोकं पिवळंधमक होतं आणि हंगाम संपला की तो पुन्हा मादीसारखा, जवळजवळ चिमणीसारखा दिसायला लागतो. म्हणजे दोन रूपं वर्षातून काही महिनेच. कोकीळेसारखं हेही नाव स्त्रीलिंगी आणि काम नराचं.

१५ जूनला शाळा सुरू झाली, मुलगी नववीत गेली. महिना संपता संपता एका दुपारी मधल्या सुट्टीत ती पळत स्टाफरूमच्या दारात आली, "बाई, चला, लवकर चला." शाळेच्या कंपाउंडवर गावकावळा बसला होता आणि त्याच्यासमोर एक काळपट पिल्लू, पंख थरथरवत, तोंड उघडून, लाललाल घसा दाखवत ओरडत होतं. अंगाने जवळजवळ कावळ्याएवढं, शेपूट लांब, पंखांवर पुसट फिकट ठिपके. कावळ्याने त्याच्या घशात पोळीचा तुकडा कोंबला, पिल्लाने गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं. कोकीळेचं अंडं कावळ्याच्या अंड्याआधी फुटतं, बारा-चौदा दिवसांत, त्यामुळे हे पिल्लू सुरुवातीपासून पुढे असतं आणि घरट्याबाहेर पडल्यावरही कावळे त्याला भरवत राहतात. कडुनिंबावरच्या त्याच घरट्यातलं हे होतं की नाही ते सांगता येत नाही, पण आम्हा दोघींच्या मनात तेच आलं.

तिने तिथेच वही काढली. मी बघत होते, ती २४ लिहायला गेली आणि थांबली. पानं मागे उलटली, १४-१५ च्या कंसापाशी आली. पिल्लाकडे बघितलं, कावळ्याकडे बघितलं. "काळं पण आहे आणि ठिपके पण आहेत," ती पुटपुटली, "मधलं आहे हे. पण बाई, हे अजून मोठंच झालेलं नाही ना." मी काही बोलले नाही. तिने कंसाच्या बाहेर, समासात, बारीक अक्षरात लिहिलं:

पिल्लू. कावळा भरवतो. हे तिसरं रूप नाही, हे वय आहे. मोठं होईपर्यंत नंबर देऊ नये.

घंटा झाली आणि आम्ही दोघी आत आलो, कावळा अजून भरवतच होता.